चिमणीची सही

घरात सगळे तिला चिमणी म्हणायचे. लहानपणी अंगाने एवढीशी होती म्हणून नाव पडलं. पुढे आवाज असा खणखणीत झाला की वर्गात माईक लागेना, तरी नाव काही सुटलं नाही. सातव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले. नातेवाइकांनी तेव्हा तिच्यासाठी पोटभर रडून घेतलं. ती मात्र शिकत राहिली, डॉक्टरेट मिळवली आणि कॉलेजात इतिहास शिकवायला लागली. पोरं तिला टरकून असायची. मागच्या बाकावर कोणी मोबाईल काढला तरी हिला कसं कळतं, हे कोडं कुणालाच सुटलं नव्हतं.

परदेशातल्या एका विद्यापीठाने वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी तिला निवडलं, तेव्हा मोठ्या भावाने पहिलं काय विचारलं, तर "बरोबर कोण जाणार?"

"बॅग," चिमणी म्हणाली.

विमानतळावर सोडायला दादाच आला, आत येण्याचा पास काढून. दारातून आत शिरतात तोच एक कर्मचारी चाकांची खुर्ची ढकलत हजर.

"बसा मॅडम."

"माझे पाय धडधाकट आहेत."

"आम्हाला तसं सांगितलंय मॅडम. बसावंच लागेल."

तिने चाचपून खुर्चीची पाठ शोधली, आपली जड बॅग उचलून खुर्चीत बसवली आणि म्हणाली, "हिला चालवत नाही. हिला न्या." दादाला हसू आवरेना. पण ते हसू काउंटरपर्यंतच टिकलं.

काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने तिकीट पाहिलं, पांढरी काठी पाहिली आणि तिच्या डोक्यावरून दादाला विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?"

"मी एकटी आहे," चिमणी म्हणाली.

"एकट्या कशा जातील या?" हाही प्रश्न दादालाच.

"मी इथे उभी आहे. मला विचारा."

मग त्याने लहान मुलांशी बोलायचा गोड आवाज काढला. "तुमच्याच सुरक्षेसाठी सांगतो मॅडम. समजा विमानात आग लागली, धूर झाला, तर तुम्हाला दरवाजा कसा दिसणार?"

"धुरात तुम्हाला दिसणार आहे का?"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. अधिकाऱ्याला ते झोंबलं. त्याने एक कागद पुढे सरकवला, पुन्हा दादाच्याच पुढे. प्रवासात यांचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी नातेवाइकांची, अशी हमी द्यायची होती.

"आणा, मी सही करते," चिमणी म्हणाली.

"तुमची चालणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही ना."

तिचे कान तापले. वर्षानुवर्षं ती पोरांना इतिहास वाचायला शिकवत आली होती. शेजारी पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज झाला.

"दादा, सही करायची नाही."

"अगं, एक सही तर आहे. तेवढ्यासाठी वर्षावर पाणी सोडणार आहेस का?"

"तू सही केलीस तर मी या विमानात बसणार नाही."

दादाने पेन खिशात घातलं. विमान तिच्याशिवाय गेलं.

परतताना गाडी विमानतळाबाहेर पडली. मग दादाचा बांध फुटला. "तुझा हा ताठा एक दिवस तुलाच नडणार आहे. जगाशी जरा जुळवून घ्यावं लागतं, चिमणे."

"रोजच घेते. तुला दिसत नाही."

 घरी आईने ताट वाढलं, पाण्याचा पेला तिच्या हाताला लागेल असा ठेवला. जेवण झाल्यावर फक्त म्हणाली, "उद्या मी येऊ बरोबर?"

"कुणीच नको. कुणी बरोबर असलं की ते माझ्याशी बोलतच नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती टॅक्सी करून एकटी गेली, पास काढून आत शिरली, विचारत विचारत त्याच काउंटरपाशी पोचली. आवाज ओळखीचा होता.

"काल मला ज्या नियमाने अडवलंत, तो वाचून दाखवा. मला वाचता येत नाही ना."

"मॅडम, बाजूला या. केबिनमध्ये बसून बोलू."

"इथेच बोलू."

तिने वर्गातला आवाज लावला. आसपासची कुजबुज थांबली. रांग लांबत गेली, तसं मागून कुणीतरी करवादलं, "अहो बाई, सरका की. आमचं विमान चुकेल."

"माझं कालच चुकलंय," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

शेवटी वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं, कुणाला तरी फोन केला आणि आवाज उतरवून सांगितलं, की हमीचा कागद अत्यवस्थ पेशंटांसाठी असतो. तिच्यासाठी असा नियमच नव्हता. उद्याच्या विमानात जागा देऊ, आत या, चहा घ्या, आमचा माणूस माफी मागेल.

"अपमान इथे केलात. माफीही इथेच."

अधिकारी काहीतरी पुटपुटला.

"माझे डोळे गेलेत, कान नाही. तरी ऐकू आलं नाही."

मग त्याने रांगेला ऐकू जाईल अशी माफी मागितली. तिने मान हलवली. पण "असू दे, झालं गेलं" असं ती म्हणाली नाही.

विमानात बसल्यावर जिंकल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. आजूबाजूचे लोक आरामात सिनेमे बघत होते, चॉकलेटं फोडत होते. तशाच खुर्चीत बसण्यासाठी तिला सगळ्यांदेखत भांडावं लागलं होतं. कुणाला सांगावं असं त्यात काय होतं? संतापाने तिला झोप लागली नाही.

तिकडे पोचली तोवर ओळखीपाळखी होऊन मंडळींचे गट पडले होते. उशीर का झाला म्हणून प्राध्यापकांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. ते हळवे होऊन म्हणाले, "तुम्ही फार धाडसी आहात."

"मला धाडस करायचं नव्हतं. मला वेळेवर यायचं होतं," ती म्हणाली आणि चुकलेल्या तासांची टिपणं मागून घेतली.

रविवारी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी मी सही केली असती, तर तू वेळेत पोचली असतीस."

"पोचले असते. पार्सलही पोचतं."

"बरं," दादा म्हणाला. त्याला पटलं की तो दुखावला, हे तिला कळलं नाही, आणि समजूत काढायची तिला इच्छाही नव्हती. मग त्याने फोन आईकडे दिला. आईने विचारलं, खोलीत थंडी फार वाजते का.