म्हादूचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, मरताना मला उशाशी बसवून घेणाऱ्या बापालाही नाही — आणि बापाला तर सांगायलाच हवं होतं, कारण या प्रकरणात त्यानं गावभर साखर वाटली होती. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगतोय असं समजू नका. ओळखीचे असता तरी आता सांगितलंच असतं. इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसलो. आता नाही धरवत.

लोक म्हणतात, "शिवलिंगअप्पा, काय कान हाय तुमचा!" खरं आहे. जन्म रेडिओत गेला. नुसत्या पावलांवरून माणूस ओळखतो मी. पण त्या कानाचं कौतुक ऐकलं की माझ्याच कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

पण असं आडून आडून कशाला? सांगतो.

आमचं गाव परंड्यापासून तासाभराच्या चालीवर. आम्ही लिंगायत वाणी. घरात आई कानडीत रागवायची आणि दुकानात बाप मराठीत गोड बोलायचा. राज्य निजामाचं, शाळा उर्दूतली. त्या उर्दूच्याच जोरावर, जर्मन-जपानच्या लढाईच्या दिवसांत, मी हैदराबादला रेडिओवर शिकाऊ म्हणून लागलो. वीस वर्षांचा होतो. डोक्यात नुसती हवा.

शिकणं म्हणजे काय होतं? पहिले तीन महिने आम्हाला बोलूच दिलं नाही. आम्हाला शिकवणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. ते सकाळी भर बाजारात उभं करून डोळे मिटायला लावायचे. "मियाँ, कानाँ से देखो." परत आल्यावर काय काय ऐकलं ते सांगायचं. मग हातानं आवाज करायला शिकवलं. सुपात मोहरी हेलकावली की समुद्र. फरशीवर करवंट्या आपटल्या की घोडा. रिकाम्या घागरीच्या तोंडाला ओठ लावून फुंकलं की आगबोटीचा भोंगा. आणि मग मुलाखत. माणसाला आधी जेवणाखाण्याचं विचारायचं, गुराढोरांचं विचारायचं; आपण मुलाखत देतोय हे तो विसरला, की हळूच पोटातलं विचारायचं. यात मी सगळ्यांत पुढं होतो — माणसाला विसरायला लावण्यात.

आवाज तबकडीवर कापून घ्यायचं यंत्र होतं, पण ते जागचं हलवायला चार गडी लागायचे. म्हणून आम्ही मुलाखत वहीत उतरवून आणायचो आणि केंद्रात बसून, आवाजांसकट, ती पुन्हा उभी करायचो. विचारणारेही आपण आणि सांगणारेही आपणच. रीतच होती तशी, त्यात कुणाला लबाडी वाटत नव्हती. पण आठवड्यातून एकदा फौजेतल्या शिपायांचे निरोप लागायचे, त्याची गोष्ट वेगळी. ते फौजेच्या दफ्तराकडून यायचे, काही तर शिपायांच्या स्वतःच्या आवाजात तबकडीवर कापलेले — खुशाल आहे, काळजी करू नका, बैलाला जपा. ते खरे असायचे. लोक जीव कानात आणून ऐकायचे ते यासाठीच.

आता म्हादूचं सांगतो.

म्हादू आमच्या गावचा धनगर, माझ्याच वयाचा. लहानपणी मी शाळा बुडवून त्याच्या मेंढरांमागं हिंडलोय. बोलायच्या आधी दोनदा खाकरायचा, आणि वाक्याच्या शेवटी असा हेल काढायचा की बस्स. मी त्याची हुबेहूब नक्कल करायचो. त्याच्या आवाजात मी हाक मारली की त्याचं कुत्रं माझ्याकडं पळत यायचं, आणि म्हादू हसून हसून लोळायचा. तो फौजेत गेला. लग्नाला सहा महिने झाले नव्हते तोवर त्याला मलायात नेलं. मग पत्र बंद झालं. मग सरकारी कागद आला — बेपत्ता. मेला असंही म्हणेना तो कागद, जिता असंही म्हणेना.

घरात दोघी उरल्या. त्याची आई सारजामावशी आणि बायको कौसा. कौसा असेल सतरा-अठराची.

दोन वर्षं गेली. दिवाळीच्या रजेत मी गावाकडं निघालो तेव्हा उस्तादांनी काम दिलं — शिपायाच्या घरच्या माणसाची मुलाखत आणा, त्यावरून दहा मिनिटांचा कार्यक्रम उभा करा. ती आमची परीक्षाच होती. पहिला येईल त्याला कायमची नोकरी. मी सारजामावशीच्या ओट्यावर जाऊन बसलो. मेंढरांचं विचारलं, लोकरीचं विचारलं. म्हातारी खुलली. आणि मग मी हळूच पोटातलं विचारलं.

ती म्हणाली, "शिवा, तुला म्हनून सांगते. त्यो काय आता येत न्हाय. म्या मनाला समजावलंय. पर ह्या पोरीला किती दिस बसवून ठिवू? तिचा भाऊ येनार हाय म्हयन्याभरात. भूमकडचं ठिकान हाय, मानूस बरा हाय. म्होतूर लावून टाकू. लेकरंबाळं हुतील तिला." म्होतूर म्हणजे बाईचं दुसरं लग्न, त्यांच्यात ते राजरोस चालायचं. सांगताना म्हातारी रडली नाही. अन्नावरची वासना मात्र उडाली होती तिची. चोळी अंगावर लोंबत होती. कौसा उंबऱ्याच्या आत लोकर पिंजत बसली होती आणि सगळं ऐकत होती. तिच्या तोंडावर मला सुटका दिसली. हो, दिसली. नव्हती दिसली असं म्हणायची सोय मला नाही.

परत गेलो आणि ती वही उघडली, तर सगळं मला फिकं वाटायला लागलं. एक म्हातारी, एक सून, एक स्थळ — यात काय आहे? कोण रडणार? मग डोक्यात आलं की म्हादूलाच बोलवावं. मोहरीचा समुद्र केला, घागरीचा भोंगा केला, दोनदा खाकरलो, आणि म्हादूच्या आवाजात बोललो — "आये, म्या खुशाल हाय गं. जेवत जा. आन् कौसाला धाडू नगंस. कौसा, म्या येतोय."

कळलं ना, काय केलं मी? म्हातारीनं माझ्यापाशी विश्वासानं जे सांगितलं होतं, त्यातलंच नेमकं उचलून मी त्याच्या तोंडी घातलं. का? कारण त्या वाक्याला ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येत होता. उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वल्लाह, मियाँ!" म्हणाले आणि पाठ थोपटली. मी पहिला आलो.

इथवर काही बिघडलं नव्हतं. परीक्षेसाठी म्हादूचं बोलणं वेगळ्या तबकडीवर कापलं होतं, ती कपाटात पडून राहिली असती. पण पुढच्या आठवड्याच्या निरोपांच्या तबकड्या वाटेतच फुटल्या. उस्ताद आजारी, रजेवर. तो कार्यक्रम बघणारे साहेब धावत आमच्या खोलीत आले — मराठीत काही आहे का? माझा हात कपाटाकडं गेला. कुणी ढकललं नव्हतं मला. साहेबांनी तबकडी ऐकली आणि विचारलं, "असल है ना?"

मी म्हणालो, "जी. असल है."

एवढंच. तीन शब्द. हे माझं आहे, मी बनवलंय, असं म्हटलं असतं तर साहेबांनी ती परत ठेवली असती, दुसरं काही लावलं असतं. पण मग माझी तबकडी लागली नसती ना! वर आणखी ऐका — मी बापाला कार्ड टाकलं, की पुढच्या बाजारी परंड्याच्या कचेरीपुढं रेडिओ ऐका, माझं काम आहे, सगळ्यांना घेऊन जा. सारजामावशीचं काय होईल असं वाटलं नाही का? खरं सांगतो — ती माझ्या डोक्यातच नव्हती. डोक्यात होतो मी.

पुढचं मला बापानं सांगितलं. कचेरीपुढं आमचं अर्धं गाव जमलं होतं. म्हादूचं खाकरणं ऐकलं आणि सारजामावशी ताडकन उठून कर्ण्यापाशी गेली, "बोल रं माझ्या राजा," म्हणून त्याच्याशी बोलायलाच लागली. कौसाचं नाव आलं तेव्हा एक म्हातारा ओरडला, "आरं, फौजंत जाऊन लई धीट झालं की पोरगं! बायकूचं नाव घेतंय!" सगळे हसले. कौसानं मान खाली घातली. लाजली पोर, असं सगळ्यांना वाटलं. माझा बाप सांगत सुटला, की आमच्या शिवानं म्हादूला हुडकून काढला, आणि त्याच बाजारात साखर घेऊन त्यानं गावभर वाटली.

महिन्याभरानं कौसाचा भाऊ आला. त्याचा पाहुणचार झाला आणि त्याला रिकामा परत लावून दिला. "दादला जिता असताना म्होतूर लावतंय व्हय कुनी?" सारजामावशीनं त्याला खडसावलं. भूमच्या त्या माणसानं दुसरीकडं सोयरीक केली.

तेव्हा तरी एक कार्ड टाकायचं होतं की नाही? पोस्टातून एक कार्ड घ्यायचं, चार ओळी लिहायच्या. टाकलं नाही. नोकरी नुकतीच कायम झाली होती.

लढाई संपली. पकडलेले शिपाई परत यायला लागले. करमाळ्याकडचा एकजण आमच्या गावात विचारत विचारत आला. म्हादू त्याच्याच तुकडीत होता. कैदेत पहिल्याच वर्षी तापानं गेला, मी स्वतः माती दिली, असं त्यानं सांगितलं. म्हणजे रेडिओवर त्याचा 'आवाज' आला त्याच्या कितीतरी आधी. सारजामावशीनं त्याला काठी घेऊन वेशीपर्यंत हाकललं. पण गावात दोन तट पडले. बिरोबाच्या देवळापुढं बैठक बसली — कौसानं कुंकू ठेवायचं की पुसायचं? आणि नेमका मी तेव्हा रजेवर गावात.

म्हातारीनं मला हाताला धरून मधे आणलं. "ह्यो तितंच हुता. ह्येला समदं ठावं हाय. सांग रं शिवा ह्यास्नी, कुनाचा आवाज हुता त्यो?"

सगळे माझ्याकडं बघत होते. बाप बघत होता, छाती काढून. कौसा बायकांच्या मागं उभी होती, तीही बघत होती — आणि तिची नजर इतरांसारखी नव्हती, एवढं मला तेव्हाही कळलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार आहे हे माझं मलाही ठाऊक नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. पण ठाऊक होतं.

"म्हादूचाच हुता," मी म्हणालो. "माझ्यासमोर तबकडी लागली."

तो करमाळ्याचा माणूस खोटारडा ठरला. कौसाचं कुंकू राहिलं. मी दुसऱ्या दिवशीच कुर्डुवाडीची गाडी धरली.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सारजामावशी गेली. शेवटपर्यंत वाट बघत होती म्हणे. मी भेटायला गेलो. कौसा एकटीच होती, मेंढरांना पाला टाकत होती. मी काहीबाही बोललो, मावशी फार चांगल्या होत्या वगैरे. ती हात न थांबवता म्हणाली, "भावजी, त्यांनी आत्याबाईम्होरं माझं नाव कदी घेतलं न्हाय. 'तुझी सून' म्हनायचे. नाव तर येकट्यातबी न्हाय घेतलं."

आमच्याकडं नवरा बायकोला नावानं हाक मारत नसे, आईसमोर तर मुळीच नाही. म्हाताऱ्यानं त्यावर थट्टा केली, गाव हसलं, आणि कुणी पुढं विचार केला नाही. मला तेव्हा लग्नाची काय माहिती! रेडिओवरच्या नाटकांत नायक नायिकेला नावानं हाका मारायचे, तेच मी उचललं होतं.

"म्हणजे तुम्ही..." मी म्हणालो.

"त्याच दिशी वळखलं. तुमचाच आवाज त्यो."

"मग बोलला का नाही, वैनी?"

ती थांबली तेव्हा. माझ्याकडं बघितलं. "त्या दिशी आत्याबाई दोन भाकरी जेवल्या. म्हयनं झालं हुतं, घास उतरत नव्हता त्यांच्या नरड्याखाली. म्या त्येंच्या ताटातनं काडून घिऊ व्हय? तुमी बोलाया पायजे हुतं. देवळाम्होरं म्या वाट बगितली तुमची."

तिनं शिव्या दिल्या नाहीत. पुढं काही मागितलं नाही. मी "येतो" म्हणून निघालो. वाटेत माझ्या बापाचं दुकान लागलं, चावडी लागली, देवळापाशी माणसं बसली होती. कुठंही थांबलो नाही.

कौसानं दुसरं लग्न केलं नाही. नंतर कुणी विचारायलाही आलं नाही. मेंढरं राखून ती म्हातारी झाली आणि या उन्हाळ्यात गेली. तिच्या दहाव्याला मी गेलो होतो. नदीवर एकजण आपल्या नातवाला सांगत होता, की हिच्या नवऱ्याचा आवाज लढाईतून रेडिओवर आला होता, ह्या अप्पांनीच आणला होता. पोरानं माझ्याकडं वळून विचारलं, "खरंच, आजोबा?"

मी हो म्हणालो.