माझ्या अर्जाची तत्पर दखल

धुळ्याच्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून मी शासनाला लिहिलेल्या पत्रांपैकी एकाचीच तातडीने दखल घेतली गेली, आणि नेमके तेच पत्र मी लिहायला नको होते. गटारे, भोंगे, मोकाट डुकरे या विषयांवरील माझी स्मरणपत्रे कोणत्या कपाटात विसावली आहेत, ते त्या कपाटालाच ठाऊक.

आमच्या वसाहतीमागे बंद पडलेला जकात नाका आहे. तेथे चार इसम दुपारी बसून नशेसाठी वेदनाशामक औषध टोचून घेत आणि वापरलेल्या सिरिंज माझ्या कुंपणाशी टाकत. एक सुई माझ्या चपलेत घुसली, त्या दिवशी मी औषध निरीक्षकांना तीन पानी अर्ज केला: डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून कोणासही सिरिंज विकू नये. औषधाबद्दल मात्र अवाक्षर लिहिले नाही. कुंपणाशी औषध सापडले नव्हते, सिरिंज सापडल्या होत्या; पुराव्याबाहेर जायचे नाही, ही आमची जुनी खोड. आठवड्याभरात दुकानांना तोंडी ताकीद गेली. कुंपण स्वच्छ झाले आणि मी पेढे वाटले.

उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरचे गवत बदलायला जो कारागीर आला, तो त्या चौघांपैकीच एक. कोपराशी मोठे गळू होते. मी उपरोधाने विचारले, "सुटले वाटते व्यसन?"

"औषध भेटस, नाना. सुई भेटत नई," तो शांतपणे म्हणाला. "कोन येडानी कागद धाडा, तवयपाईन बठ्ठा दुकानदार चिठ्ठी मांगतस. आते चार जणस्मा एकच सुई शे."

"निदान धुता तरी का ती?"

"धोतस ना. नळले पानी उनं ते."

धुळ्यात नळाला पाणी कधी येते, यावर माझा स्वतंत्र पत्रव्यवहार आहे. तो वेडा मीच, हे मी त्याला तेथेच सांगून टाकले. त्याने पाना खाली ठेवला. "मंग ह्या गळूले तुम्हनं नाव देऊत का?"

चार माणसे माझ्या शुद्धलेखनापायी मेली असती, तर मला पेन्शन पचली नसती. दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी रुग्णालयात नेले. गळू कापले, रक्त तपासले. अहवालात एड्सचा विषाणू नव्हता. यकृत पोखरणाऱ्या काविळीचा 'सी' विषाणू मात्र होता. समुपदेशक बाई म्हणाल्या, गोळ्या येथेच मिळतील, तो बराही होईल. पण पुन्हा सामायिक सुई घेतली, तर पुन्हा तोच आजार. उरलेल्या तिघांनाही तपासणीस आणा.

"प्रत्येकाने स्वतःची नवी सुई वापरावी," त्या म्हणाल्या. "दुकानात मिळते की."

कूलरवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि मोठ्या सभ्यतेने नजर छताकडे वळवली.

मी अर्ज मागे घेण्याचा अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. टेबलामागचा लिपिक कळवळून म्हणाला, "आबा, आयुष्यात पहिल्यांदा तुमचं काम झालंय. आता ते मोडायला कशाला सांगता?" तशी तरतूद नाही, असेही त्याने वर ऐकवले. तेव्हा मी बसने जळगावला गेलो, जेथे माझी कीर्ती अद्याप पोचलेली नव्हती, आणि सिरिंजचा एक खोका घेऊन आलो. तो कूलरवाल्याच्या हाती देताना बजावले की, कोणी मनावर घेतले तर माझ्यावर गुन्ह्यास साहाय्य केल्याचा आरोप येऊ शकतो.

"तुम्हले कोन धरी, नाना? तक्रार करनारा तं तुम्हीच शेतस."

तिघे मात्र तपासणीस तयार होईनात. रुग्णालयात नाव लिहिले की मागोमाग पोलीस येतात, असा त्यांचा पक्का समज. मी नाक्यावर जाऊन त्यांना लेखी हमी दिली: रक्ताचा अहवाल पोलिसांकडे जाणार नाही, गेल्यास सर्व जबाबदारी माझी. तिघांत जो थोराड होता, त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"येवर शिक्का नई शे."

शिक्का न्यायालयातच राहिला, हे मी कबूल केले. त्याने कागद परत दिला. मग मीच रिक्षा बोलावली, आधी आत जाऊन बसलो आणि म्हणालो की पोलीस आले तर पहिला मी सापडेन. हा युक्तिवाद त्यांना पटला. ते तिघे आणि मी, अशा चौघांनी एका रिक्षात बसणे नियमबाह्य होते. त्याबद्दल मी कोठेही अर्ज केला नाही.