मागच्या सीटचं वजन

एकट्याला हलकी गाडी घे, हलकी घे, असं आपल्या बाईकवाल्यांच्या ग्रुपवर किती दिवस सांगणार तुम्ही? मागची सीट रुंद पाहिजे म्हणलं की हसता. "तुझ्या मागं बसणार कोण रे?"

खरंय. बोईसरला कंपनीत लागून तीन वर्षं झाली, पण चल म्हणलं की मागं बसेल असं इथं कुणी नाही.

आज उमरोळीच्या गॅरेजात जुनी टूरिंग गाडी बघायला गेलो. ट्रायलच्या आधी मिस्त्री म्हणला, "पाठी कोन बसनार हाय? वजन सांग, तसा मागचा शॉकअप लावतो. एकटा असशील तर नरम ठेवतो."

एकटा म्हणायची लाज वाटली. म्हणलं, "आई बसणार." अन् तिथूनच गावी, परभणीकडं, तिला फोन लावला.

"आई, तुझं वजन किती गं?"

"मला काय बाजारात विकायलास का?" ती हसली. "दिवाळीला दवाखान्यात पन्नास भरलं होतं. परवा एक्केचाळीस. त्यांचं मशीनच बिघडलंय."

"डॉक्टर काय म्हणले?"

"मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणले. तू गाडी घे, मग जाऊ तिच्यावरच."

मिस्त्री पाना घेऊन उभाच होता. म्हणलं, "भाऊ, राहू द्या."

आता गाडीचं कुणी सांगू नका. उद्या परभणीत तिच्यासोबत दवाखान्यात जाईल असं ग्रुपमधलं कुणी आहे का? मला शनिवारशिवाय सुट्टी नाही. बुकिंगला काढलेले पैसे आत्ता तिला पाठवतोय, पंधरा हजार.