डॉक्टरांना अजून माहीत नाही

रुग्णालयात त्यांना सगळे दहावाल्या ताई म्हणत. पहाटे कुणी रुग्ण गेला, तर त्याच्या फॅमिली डॉक्टरांना सकाळी दहाच्या आत कळलं पाहिजे, हा ताईंचा नियम. नियम तसा रुग्णालयाचाच. पण रुग्णालयाने तो भिंतीला लावला होता आणि ताईंनी जिवाला लावून घेतला होता. एकोणीस वर्षं जिन्याखालच्या खोलीत बसून त्या हेच करत होत्या. फॉर्म बघायचा, नंबर लावायचा, खुद्द डॉक्टर बोलायला आले की सांगायचं आणि वहीत वेळ टिपायची. कंपाउंडरकडे निरोप ठेवायचा नाही म्हणजे नाही. पूर्वी एकदा ठेवला होता. तो कुठल्याशा कागदांखाली गेला आणि डॉक्टरांनी गेलेल्या माणसाच्या घरी फोन करून "तपासायला का आला नाहीस रे?" म्हणून झापलं. फोन त्याच्या आईने उचलला होता. तेव्हापासून दहा वाजेपर्यंत ताईंच्या घशाखाली घास उतरत नसे. नवरा म्हणायचा, "हिचा नाश्ता करू नका, सरळ जेवायलाच वाढा."

त्या दिवशी पहाटे एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर गेले. त्यांच्या फॉर्मवर डॉक्टरांच्या रकान्यात पुतण्याने झोकात लिहून ठेवलं होतं, 'आमचे नेहमीचेच.' आणि भरतीच्या टेबलावरच्या महाभागाने त्यावर डोळे मिटून शिक्का मारला होता. त्याचा मनातल्या मनात यथेच्छ उद्धार करत ताई पुतण्याला शोधायला निघाल्या. तो शवागाराच्या दारात सापडला, तेव्हा साडेदहा वाजले होते.

पुतण्याने डॉक्टर कोण ते सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काकूंना अजून काही कळू दिलं नाहीये हं. त्यांचं हृदय नाजूक आहे. मुलगी दुपारी पोचेल, मग दोघं मिळून सांगू."

"आत्ता कुठे आहेत त्या?"

"प्रेशर तपासायला गेल्यात. आमच्या नेहमीच्याच डॉक्टरांकडे."

या डॉक्टरांना त्या फोनवरून पुरत्या ओळखत होत्या. माणूस देवासारखा, पण कानाने कमी. त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. समोर रुग्णाचं कुणी बसलं असलं की, "थांबा, आत्ताच विचारतो," म्हणून थेट वॉर्डात फोन लावायचे आणि तिकडची नर्स काय सांगते ते अख्खा दवाखाना ऐकायचा. आज वॉर्डातून काय ऐकू येणार होतं ते उघडच होतं.

ताईंनी खोलीत परत येऊन डॉक्टरांचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. डॉक्टरांचा फोन आला तर काही बोलू नका, असं वॉर्डातल्या सिस्टरला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी नाही बोलणार हो, पण इथे फोन कोण उचलेल त्याचा काही नेम आहे का?" ताईंनी तिसऱ्यांदा नंबर लावला आणि रिसीव्हर तसाच टेबलावर टाकून त्या निघाल्या.

दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. ताई पन्नाशीच्या आणि अंगाने भरलेल्या. धावणं त्यांच्या खात्यात कधी नव्हतंच. भाजीच्या गाड्यांमधून, शाळेच्या कुंपणाच्या कडेने त्या अर्धवट पळत, अर्धवट चालत सुटल्या. मनात एकच. आता आत घेतलं असेल. आता विचारलं असेल. आता फोन लावला असेल.

दवाखान्यात लाकडी बाकावर चार माणसं होती. कडेला, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, मास्तरांची बायको. आठ दिवस वॉर्डाबाहेर बसलेली बघून ताईंना तो चेहरा पाठ झाला होता. अजून आत गेल्या नव्हत्या. ताईंना इतकं हायसं वाटलं की त्या धपकन शेजारीच बसल्या.

"तुम्ही त्या दहावाल्या ना?" काकूंनी विचारलं. आणि हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला. "घाबरू नका. मला माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पहाटे फोन आला आणि आमचा पुतण्या न्हाणीघरात नळ सोडून रडला. नळ सोडला की बाहेर ऐकू जात नाही, असं त्याला लहानपणापासून वाटतं." त्या किंचित हसल्या. "त्याचा जीव हलका होऊ दे म्हटलं. मुलगी आली की कळल्यासारखं करीन."

"मग आज इथे कशाला आलात, काकू?"

"डॉक्टरांना अजून सांगितलं नाही ना तुम्ही?"

"नाही. तेवढ्यासाठीच तर धावत आले."

"मग मला आधी जाऊ द्या आत. दर वेळी ते पहिल्यांदा ह्यांचंच विचारतात. 'मास्तर काय म्हणतात?' तेवढं एकदा ऐकायचंय. दुपारनंतर तसं कुणी विचारणार नाही मला."

"पण ते फोन लावतील हो वॉर्डात!"

"मी लावू देणार नाही."

तेवढ्यात कंपाउंडरने पुकारा केला आणि काकू आत गेल्या. ताईंना वाटलं, आपण काय करून बसलो? एकोणीस वर्षं एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, आणि आज दहा उलटून गेल्यावरही दारात बसून चक्क आणखी उशीर करतोय. आत बाईला काही झालं तर? डॉक्टरांचा आवाज मुळातच खणखणीत. दार बंद असून सगळं ऐकू येत होतं.

"या, या! मास्तर काय म्हणतात?"

काकूंनी बहुधा मानेनेच उत्तर दिलं, बाहेर काही ऐकू आलं नाही. डॉक्टर मात्र खूश झाले. "अरे वा! थांबा, आत्ताच विचारतो वॉर्डात."

ताई ताडकन उठल्या. हात दाराच्या कडीवर गेला.

"नको, डॉक्टर," आतून काकू मोठ्याने म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

ताई कडी धरून तशाच उभ्या राहिल्या. आत थोडा वेळ प्रेशरच्या पट्ट्याची फुसफुस, मग डॉक्टरांचं हसणं. काकू बाहेर आल्या त्या हातात चिठ्ठी घेऊन.

"साखरेवरून चाळीस वर्षं भांडले ह्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, घरी आले की चहात एक चमचा चालेल." चिठ्ठी त्यांनी जपून पिशवीत ठेवली. "जा आता. तुमचं काम करा."

ताई आत गेल्या. ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हती. त्यांनी डॉक्टरांच्याच पॅडवर लिहिलं, 'ड्रॉइंगमास्तर आज पहाटे गेले,' आणि पॅड त्यांच्यासमोर सरकवलं.

डॉक्टरांनी दोनदा वाचलं. "पण आत्ता तर... मी त्यांना चहात साखर..." मग दाराकडे बघत म्हणाले, "बाईंना माहीत नाही?"

माहीत आहे, अशी ताईंनी मान हलवली आणि त्याखाली लिहिलं, 'तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून आल्या होत्या.'

डॉक्टर उठले. टेबलाला धडकत, चष्मा हातातच धरून बाहेर आले. काकू औषधासाठी खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी वळून डॉक्टरांचा चेहरा पाहिला.

"कळलं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. आणि पहाटेपासून पहिल्यांदाच त्या रडल्या.