शैलाकाकू आणि राहून गेलेला शेवटचा नाच

शैलाकाकू सुगरण होत्या, असं सकाळपासून आपल्या मंडळाच्या ग्रुपवर चौदा जणांनी लिहिलंय.

पुरे करा आता.

शैलाकाकू नर्तिका होत्या. लग्नाआधी अकरा वर्षं नागपूरला भरतनाट्यम शिकल्या होत्या. नंतर तीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये राहिल्या, आणि आपल्यापैकी कुणाला याचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता, कंबोडियात सिएम रीपच्या त्या संध्याकाळपर्यंत.

काल दुपारी काकू गेल्या. म्हणून आज हे लिहितेय. कुणाला राग आला तर येऊ दे.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरकाकांची साठी झाली. काका म्हणजे काकूंचे मिस्टर, हाडांचे कन्सल्टंट आणि आपल्या मंडळाचे तहहयात अध्यक्ष. साठीनिमित्त आम्ही बाराजण कंबोडियाला गेलो. चार दिवस अंकोरची देवळं, आणि शेवटच्या संध्याकाळी एका हॉटेलात तिथलं पारंपरिक ख्मेर नृत्य, विथ डिनर.

त्या दिवशी सकाळीच काकूंनी मला बाजूला घेतलं.

"मृणाल, मला पुढची खुर्ची धरशील? शेवटी अप्सरांचा नाच असतो म्हणे. तेवढा मला नीट बघायचाय."

आठ वर्षांच्या ओळखीत काकूंनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

खुर्ची मी धरली. आपली मंडळी बुफेपाशी टोफू कोणता आणि चिकन कोणतं याचा तपास करत होती. काकू नुसता भात घेऊन येऊन बसल्या. करवंट्या वाजवत नाचणारी पोरं झाली, कोळ्यांचा नाच झाला. ताटातला भात तसाच.

आमचा गाइड सांगत होता, की मधल्या वाईट वर्षांत, सत्तरच्या दशकातल्या कत्तलींत, त्यांचे बहुतेक नर्तक मारले गेले. ज्या थोड्या बायका वाचल्या, त्यांनी आठवून आठवून पुढच्या मुलींना शिकवलं. अगदी लहानपणापासून मुलींची बोटं मागे वाकवून घेतात म्हणे.

काकूंनी टेबलाखाली माझा हात ओढला आणि स्वतःची बोटं मागे वाकवून दाखवली. पार मागे.

"अकरा वर्षं भरतनाट्यम शिकले गं, नागपूरला. इतक्या पोळ्या लाटल्या, तरी राहिलंय बघ."

मी काही विचारणार, तेवढ्यात काका स्टेजवर.

आपल्या लोकांना कार्यक्रम नुसता बघता येत नाही. त्यात आपला सत्कार लागतो. काकांनी मॅनेजरला गाठून शेवटच्या नाचाआधीची दहा मिनिटं मागून घेतली होती. शाल नॉटिंगहॅमहून आणलेली. निरांजन, सुपारी, अक्षता काकूंच्या हँड लगेजमध्ये. मानपत्र मी लिहिलेलं, माझ्या ऑफिसात लॅमिनेट केलेलं.

सूत्रसंचालन? माझंच.

नाही म्हणता आलं असतं. पण मला माइक आवडतो, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

दहा मिनिटांची पस्तीस झाली. औक्षण, शाल, मानपत्र, मग काकांचं भाषण. इंग्लंडमधली पहिली नोकरी, पहिला बर्फ, मंडळाची घटनादुरुस्ती. सगळं मराठीत. बाकीच्या टेबलांवरचे गोरे आधी हौसेने टाळ्या वाजवत होते, मग घड्याळं बघायला लागले.

पडद्याच्या कडेला सोनेरी मुकुट घातलेल्या चार मुली उभ्या होत्या. अनवाणी. वाट बघत.

भाषण संपलं तेव्हा मॅनेजर हात जोडत आला. वादकांना दुसऱ्या हॉटेलात वाजवायला जायचं होतं. शेवटचा नाच काही होणार नाही. हवं तर मुलींबरोबर फोटो काढा.

काका लगेच मधोमध जाऊन उभे राहिले.

"शैला, तू घे गं फोटो. तुझा हात हलत नाही."

काकूंनी घेतला. दोन घेतले.

परतताना मिनीबसमध्ये मी काकूंना सॉरी म्हटलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"त्यांना मारून टाकलं, तरी त्यांचा नाच उरला. मला तर कुणी बोटसुद्धा लावलं नाही गं."

पुढच्या सीटवरून काकांचा आवाज आला, "कार्यक्रम मस्त झाला, नाही?"

सगळे हो म्हणाले. मीसुद्धा.

आज सकाळी काकांचा फोन आला. "रविवारी शोकसभा ठेवतोय. सूत्रसंचालन तूच कर. तिच्या पुरणपोळ्यांचं जरूर सांग."

मी विचारलं, "काका, काकूंच्या नृत्याच्या गुरूंचं नाव काय होतं?"

"ते लग्नाआधीचं. मला काय माहीत?"

काका रडत होते, हेही खरं. मला वाईट वाटलं. पण राग त्याहून जास्त आला, आणि तो एकट्या काकांचा नव्हता.

फोन ठेवला आणि सत्काराची व्हिडिओ टेप शोधून काढली. माझ्या नवऱ्याने शूट केली होती.

काका शाल पांघरून उभे आहेत. मागे काकू, डाव्या हातात औक्षणाचं तबक. त्यांचं लक्ष काकांकडे नाही, माझ्याकडे नाही. पडद्याकडेच्या त्या चार मुलींकडे आहे.

आणि उजवा हात निऱ्यांपाशी हळूहळू हलतोय. बोटं मिटतायत, उमलतायत, मागे वळतायत. मनगट फिरतंय. निरांजनाची ज्योत मात्र जागची हलत नाही.

काकू नाचत होत्या. आम्हा सगळ्यांसमोर.

आणि त्यावर माझा खणखणीत आवाज: "काकांच्या या यशात शैलाकाकूंची खंबीर साथ..."

मी आवाज बंद केला आणि टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.

रविवारी मी माइक धरणार नाही. ही टेप लावणार आहे, आवाज बंद करून. ज्यांना पोळ्यांबद्दल बोलायचंय त्यांनी चहाच्या वेळी बोलावं.

काकू, पुढची खुर्ची धरली होती हो तुमच्यासाठी. मग तिच्यासमोर मीच उभी राहिले.

माफ करा. नमस्कार करते. या आता.