डोणगाव, रविवार, दुपारनंतर वारा

हमीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोणगावचं हवामान बघत होतो. डोणगावात माझं कुणी नाही. ना सोयरा, ना शेत. पण मोबाईलमध्ये हवामानाचं पान उघडलं की आमच्या लोणारच्या खाली डोणगाव येतं, त्याच्या खाली सुलतानपूर, पार खाली पिंपळगाव राजा. ही सगळी हमीदची गावं. त्यानं जिथं जिथं लग्नाच्या मंडपाची ऑर्डर घेतलेली असायची ती. त्याच्याजवळ बटनांचा फोन, म्हणून लग्नसराई लागली की दर रविवारी संध्याकाळी तो बसस्टँडजवळच्या माझ्या कटलरीच्या दुकानात यायचा आणि मी त्याला येत्या आठवड्याचं हवामान गावागावानं वाचून दाखवायचो. आदल्याच संध्याकाळी तो आला होता. स्टूल पुढे केलं तरी बसला नाही. तो कधी बसायचाच नाही. डोणगावच्या पुढच्या रविवारपुढे विजेची खूण होती, दुपारनंतर सोसाट्याचा वारा. हमीदनं ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. "म्हंजे इतवारी मले तिथंच उभं राहा लागते," म्हणाला आणि चहा न घेता गेला. पहाटे छातीत कळ आली. मेहकरला नेता नेता वाटेतच…

आम्ही शाळेपासूनचे. वर्गातही त्याचं लक्ष खिडकीबाहेर असायचं. पुढे घरचा मंडपाचा धंदा हातात आला आणि खिडकीही राहिली नाही, नुसतं आभाळ राहिलं. उन्हाळ्यात त्याच्याबरोबर लग्नाला जाणं ही एक शिक्षा होती. पंगत बसली की हा ताट हातात घेऊन मंडपाच्या पश्चिमेच्या खांबाशी उभा. एक घास वरणभाताचा, एक नजर वर. मी म्हणायचो, अरे, जिलेबी तरी खाली बघून खा. त्याच्या बांधणीत एक वेगळेपण होतं. पश्चिमेकडचे सगळे दोर तो एका झटक्यात सुटतील अशा गाठीनं बांधायचा. वाऱ्यानं कपडा फुगायला लागला की बाकीचे मंडपवाले दोर धरून लोंबकळतात. हमीद दोर सोडून द्यायचा. अख्खा मंडप खाली बसायचा, माणसं आधीच बाहेर काढलेली असायची.

हे ऐकायला छान वाटतं. माझ्या मुलीच्या लग्नात मात्र त्यानं माझी पुरती शोभा केली. मोबाईल म्हणत होता आकाश निरभ्र. ऊन मी म्हणत होतं. मुहूर्ताला थोडा अवकाश असताना सरोवराकडून, वादळाआधी येतो असं हमीद मानायचा तो खारट, कुजका वास गावात आला. हमीदनं नाक वर केलं आणि कुणाला न विचारता माणसं उठवायला सुरुवात केली. मंडप खाली आला. मंगलाष्टकं उन्हात झाली, व्याही डोक्यावर टॉवेल घेऊन उभे, फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि वारा? पिंपळाचं पान हललं नाही. व्याह्यांनी मला सुनावलं, ते सगळं मी व्याजासकट हमीदला सुनावलं. तो खाली पडलेल्या कपड्याच्या घड्या घालत म्हणाला, "नाही आला तं बरंच झालं ना बे." वर जिलेबी मागितली. आजही माझी मुलगी अल्बम उघडते आणि पहिलं नाव हमीदकाकांचं घेते, मग हसते.

त्या संध्याकाळी माझा राग ओसरावा म्हणून तो मला सरोवराच्या काठावर घेऊन गेला. खाली झाडीत मोर ओरडत होते. तिथं त्यानं पहिल्यांदा आणि शेवटचं थोरल्या भावाबद्दल सांगितलं. मजीदभाईला मी फक्त घरातल्या बाजेवर पडलेलं पाहिलं होतं, कमरेखालचं अंग गेलेलं. झाडावरून पडला असंच गाव समजत होतं. तसं नव्हतं. लांबच्या एका गावी लग्नात अवकाळी वारा सुटला, मंडप उचलला गेला, दोर धरलेला मजीदभाईही त्याच्याबरोबर वर गेला आणि दगडांवर आपटला. हमीद शेजारच्या खांबाशी होता. "म्या आपला सोडला," तो म्हणाला. "त्यानं नाही सोडला. कपडा नवा व्हता ना…"

म्हणून हमीदच्या मातीला जाऊन आल्यावरही माझं चित्त त्या रविवारवर अडकून पडलं. डोणगावचं लग्न होतंच, आणि मंडप आता त्याचा मुलगा इरफान टाकणार होता. इरफान कर्ता आहे, कामात चोख आहे, पण बाप भित्रा आहे असं तो चारचौघांत म्हणायचा. नव्या लोखंडी पाइपांना काही होत नाही, म्हणायचा. सुतकाच्या घरात जाऊन हे कसं बोलायचं? मी दुकानात बसून तेवढं एक पान बघत राहिलो. मंगळवारी विजेची खूण गेली. मला बरं वाटलं. गुरुवारी ती परत आली. गिऱ्हाईक बांगड्यांचं माप सांगत होतं आणि मी वाऱ्याचा वेग वाचत होतो. शेवटी बायकोच म्हणाली, तुम्ही एकदाचे जाऊन या तिथं, नाहीतर मला वेड लागेल.

रविवारी सकाळची एसटी धरली. बिनबोलावता पाहुणा म्हणून मंडपात शिरलो आणि सरळ पश्चिमेला गेलो. दोर हमीदच्याच गाठीनं बांधलेले होते. इरफान खांबाशी उभा, हातात ताट. मला बघून त्याला नवल वाटलं नाही. दुपार कलली तशी पश्चिमेला धुळीची तांबूस भिंत उठली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्यानं ताट ठेवलं आणि माणसं बाहेर काढायला हाक दिली. मंडप खाली बसला. अर्धी पंगत ताटं घेऊन उन्हात उभी राहिली. धुळीची भिंत उत्तरेला सरकली आणि दिसेनाशी झाली. वारा आला नाही.

नवरीचा बाप इरफानला काय काय बोलला! शब्द जवळजवळ माझेच होते. इरफान खाली मान घालून कपड्याच्या घड्या घालत राहिला. त्याचं बोलून संपल्यावर त्याला एवढंच म्हणाला, "नाही आला तं बरंच झालं ना, काका." मला रडू आवरेना. नवरीच्या बापाला वाटलं मी त्यांच्याकडचाच कुणी लांबचा पाहुणा आहे, मुलीच्या पाठवणीनं रडतोय. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

लग्नसराई अजून संपलेली नाही. डोणगाव मोबाईलवरून काढून टाकायला हात धजत नाही. रविवारची संध्याकाळ झाली की दुकानात माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो, मग इरफानला फोन लावतो. त्याच्याकडे माझ्यापेक्षा भारी मोबाईल आहे. "हाव काका, पाह्यलं म्या," तो म्हणतो. तरी मी एकेक गाव वाचत जातो, सोमवारपासून रविवारपर्यंत. शेवटचं गाव होईपर्यंत तो फोन ठेवत नाही.