मालकांशीच बोलायचंय

माझे सासरे रुपराव खेड्यापाड्यांतून मिरची गोळा करून कळमन्याच्या बाजारात आणतात. त्यांना मी मामाजी म्हणते, इकडे सासऱ्यांना तसंच म्हणतात. पोत्याच्या तोंडाशी रचलेल्या लालभडक मिरचीवर मामाजींनी आजवर कधी विश्वास ठेवलेला नाही. हात कोपरापर्यंत आत जातो, तळातली मूठ बाहेर येते आणि मगच ते तोंड उघडतात. मला बघायला आले तेव्हाही पोहे माझ्या आईने केलेत हे त्यांनी दुसऱ्या घासाला ओळखलं होतं. तरी होकार का दिला, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

माल विकून देणारा नवा अडत्या पारखायची त्यांची खास रीत आहे. सकाळी त्याच्या गाळ्यावर पोती उतरवायची आणि दुपारी जाऊन सांगायचं, विचार बदलला, माल परत द्या. ज्याच्या कपाळावर आठी पडली तो बाद. जो मुकाट्याने हमाल बोलावून पोती गाडीत चढवून देतो, त्याच्याशी मामाजींचा संबंध जन्मभराचा.

आता या रीतीचा इंटरनेटशी काय संबंध, असं मलाही वाटायचं.

आमच्या मनीषनगरच्या घराच्या गच्चीवर सासूबाई, म्हणजे शामलाबाई, मिरची वाळवतात आणि तिखट कुटतात. त्या दिवशी आख्खी गल्ली शिंकते, पण मागणीही तिथूनच सुरू होते. पुढे ‘शामलाचं तिखट’ या नावाची वेबसाइट झाली आणि पुण्या-रायपूरहून ऑर्डरी यायला लागल्या. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, एकदा विकत घेतला की झालं असं नसतं. तो एखाद्या कंपनीकडे नोंदवावा लागतो आणि मुदत संपायच्या आत पैसे भरून चालू ठेवावा लागतो. आमच्या ह्यांनी, अंकितनी, जाहिरातीतली सगळ्यात स्वस्त कंपनी गाठली होती. मुदत संपल्याचं तिने कळवलंच नाही आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर साइट बंद पडली. कंपनीला फोन लावला तर पलीकडे माणूस नाही, थांबवून ठेवणारी नुसती बासरी. नाव परत चालू होईपर्यंत सासूबाई जेवल्या नाहीत. पाकिटापाकिटावर छापलेलं त्यांचं नाव उद्या भलत्याच कुणी उचललं तर काय, या धास्तीने त्या बाई आतून हलल्या होत्या, आणि मला अंकितचा असा राग आला होता की विचारू नका.

तेव्हा ठरलं, डोमेनचं नाव विश्वासाच्या ठिकाणी हलवायचं. अंकित कुणाला किती तारे मिळालेत ते मोजत बसले. मामाजींनी त्यांच्या हातून फोन काढून घेतला आणि एकेका कंपनीला लावला. प्रश्न एकच. मी तुमच्याकडं नाव ठेवलं अन् मले परत न्यायचं झालं, तर? एकाने लगेच सूट देऊ केली. मामाजींनी फोन ठेवला. दुसऱ्याने जायचं कशाला साहेब, असं लाडात विचारलं. तोही गेला. तिसरीकडे नीला नावाची मुलगी होती. तिने नावाला लावलेलं कुलूप साइटवर कुठे उघडायचं, दुसरीकडे न्यायचा कोड कुठे मिळतो, सगळं सरळ सांगितलं. पुढच्या वर्षी दर वाढतो हेही न विचारता सांगून टाकलं. मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तळातली मूठ सोन्याची निघाली.

नाव तिकडे गेलं. नोंदणी मामाजींनी स्वतः, एका बोटाने टाइप करून केली, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आणि काही दिवसांनी, रीतीप्रमाणे, नीलाला फोन लावला. विचार बदलला, नाव परत द्या.

नीलाने विचारलं, मालक बोलताहेत का?

मालकाचा मुलगा बोलतोय, असं मामाजी म्हणाले, तेव्हा मी हातातली कपबशी खाली ठेवली आणि देव्हाऱ्याकडे पाहिलं. कारण मामाजींचे वडील, दादाजी, देव्हाऱ्याशेजारी हार घालून बसलेले आहेत, मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. आमच्या घरी कुठलाही पहिला सौदा दादाजींच्या नावाने होतो. पहिलं पोतं त्यांच्या नावाने, स्कूटरची पहिली पूजा त्यांच्या नावाने. तसंच मामाजींनी डोमेनच्या मालकाच्या जागी भक्तिभावाने दादाजींना बसवलं होतं. नीला म्हणाली, मग मालकांना फोन द्या. मामाजी म्हणाले, ते बोलू शकत नाहीत. ती म्हणाली, मग आम्हीही काही करू शकत नाही.

घरात एकच गोंधळ उडाला. अंकितनी कपाळ बडवून घेतलं. सासूबाई मात्र देव्हाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, दादाजींच्या फोटोला नमस्कार केला आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

“तिखट मी कुटतो, नाव माह्यं, अन् मालक फोटोतले? काहून जी?”

मामाजी उगाच दादाजींचा हार सरळ करायला लागले. मी त्यांना असं गडबडलेलं पहिल्यांदाच पाहिलं आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पुढे कंपनीने कागद मागितले. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, त्यावर आणखी काही. अंकित प्रत्येक मागणीला शिव्या घालायचे आणि मामाजी प्रत्येक मागणीला खुलायचे. मालक सोडून सख्ख्या मुलालाही माल देत नाहीत, असं ते कळमन्यात ज्याला त्याला सांगत सुटले. शेवटी नवा मालक कोण, असा प्रश्न आला. मामाजींनी घसा साफ केला. दादाजींच्या फोटोकडे एकदा पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं, आणि अंकितना म्हणाले, “शामलाचं टाक गा.”

दुसऱ्या दिवशी नीलाचा फोन आला, खात्री करून घ्यायला. फोन मामाजींच्या खिशात होता, सवयीने त्यांनीच उचलला आणि काय ते मला सांगा म्हणाले. पलीकडून ती म्हणाली, मालकांशीच बोलायचंय.

सासूबाईंनी ओल्या हातांनी फोन घेतला, बाल्कनीत गेल्या आणि दार लावून घेतलं. काचेतून दिसत होतं, त्या अगदी ताठ उभ्या राहून बोलत होत्या. तुमच्याशिवाय आणखी कुणाला बदल करायचा हक्क द्यायचा का, असं नीलाने विचारलं असावं, कारण सासूबाईंनी एकदा आत, आमच्याकडे पाहिलं. मामाजींनी हळूच पुढे होऊन गळ्यातला दुपट्टा नीट केला.

“कोणालेच नाही,” सासूबाईंचा आवाज आतपर्यंत आला.

मामाजी बंद दारापाशी तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “कंपनी चांगली हाय, बेटा.”

आणि डोळे पुसले. गच्चीवर मिरची वाळत होती म्हणून, असं त्यांचं म्हणणं.